पेन्सिलीनं लिहिलेली तारीख

भालचंद्र शिर्के यांच्या निवृत्तीचं भाषण
माझ्या खणात तयार असतं.
नवापुरा जिमखान्याचा चिटणीस मी, तेवीस वर्षं.
फक्त तारीख पेन्सिलीनं लिहितो.

पहिला निरोप दिला तेव्हा ते एक्केचाळीसचे.
शाल, श्रीफळ, प्रतापनगरच्या रेल्वे मैदानात मांडलेलं टेबल,
टेबलाचा एक पाय चुन्याच्या रेघेवर.
मी म्हणालो, गोलपोस्ट आज पोरका झाला.
टाळ्या पडल्या. वहिनींनी डोळे पुसले.
सोमवारी नारळाची चटणी झाली
आणि शनिवारी पोरक्याचा बाप परत आला
गुडघ्याला पट्टी बांधून.

दुसऱ्यांदा, सेहेचाळिसाव्या वर्षी,
मी भाषणातलं 'पोरका' खोडलं.
नुसतं 'ऋणी आहोत' ठेवलं.
तीन आठवडे ते फिरकले नाहीत.
चौथ्या आठवड्यात कुंपणाबाहेर उभे,
स्कूटर स्टँडवर न लावता,
एक पाय जमिनीला टेकून, इंजिन चालू ठेवून
बघत राहिले.
पेट्रोल किती जळलं असेल, देव जाणे.
मध्यंतराला इंजिन बंद झालं.
मी वहीत बदली खेळाडूंच्या खाली त्यांचं नाव लिहिलं.
त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

रावपुऱ्यात भाजी घेताना वहिनी भेटल्या.
"भावजी, पुढच्या वेळी शाल नको हं.
एक देवाच्या पेटीवर आहे, एक इस्त्रीखाली.
टॉवेल द्या हवं तर."
आणि पापडी निवडत राहिल्या,
एकेक शेंग दाबून, कोवळी आहे का बघत.

यंदा बावन्न.
वासी उत्तरायणाला सामना,
आणि आमचा गोली, निसर्ग पटेल, एकोणीस वर्षांचा,
उजवं बोट मांज्यानं कापून आलेला.
तीन टाके. तळहातावर दोऱ्याचा गुलाबी रंग तसाच.
मी कुणाला फोन केला नाही, शपथ.
तरी शिर्के आले,
आणि पँट उतरवली तर
आत शॉर्ट आधीच घातलेली.

पहिला गोल त्यांच्या डाव्या काखेतून गेला.
दुसरा त्यांनी पाहिलाच नाही.
लिंबाऱ्यात अडकलेला पतंग
वाऱ्यानं सुटतोय का, बघत होतो, म्हणाले.
"काका, घेर जाओ ने!" कुंपणावरून कुणीतरी.
हसले सगळे.
मीही, वहीत तोंड खुपसून.

ऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी.
मारणारा पोरगा लांबून धावत आला, मधे थबकला,
डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला,
शिर्के कुठे झेपावतात त्याची वाट बघत.
शिर्के हललेच नाहीत.
त्यांना हलता येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं,
पोराला नव्हतं.
गोंधळून त्यानं सरळ मारला,
चेंडू पोटावर बसला
आणि दोन्ही हात त्याच्याभोवती असे मिटले
जसं कुणी झोपेत उशी ओढून घ्यावं.

दोन-शून्य हरलो.
गाडीवर सेव उसळ खाल्ली,
त्यांनी तर्री न घालता, डॉक्टरचं ऐकून,
मग माझ्या बशीतली दोन चमचे घेतली.
"बस आता," म्हणाले. "लिहा तारीख. पेनानं."
मी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं.
त्यांनी निसर्गला हाक मारली
आणि उजवा हातमोजा त्याच्या हातात दिला,
ज्या हाताला टाके होते त्याचा.
पोरगं पाया पडलं. मग म्हणालं,
"आणि डावा, काका?"

"तो धुवायचाय."

स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली.
पुढच्या आकड्याला अडकवलेला हातमोजा,
मातकट, पाचही बोटं पसरलेली,
मांडवीकडे वळेपर्यंत दिसत होता.