सीटखालचं सबस्टेशन

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी उजेड पोचवला,
आता एका गाडीत पोचवतोय.
चारशे सीसीची, सेकंडहँड,
अमरावतीच्या एका डॉक्टरनं दोनदा चालवून
अंगणात झाकून ठेवलेली.

दारव्ह्याला, कारंजा रोडवर, अयानचं दुकान.
पत्र्याचं. दुपारी तव्यासारखं.
त्यानं सीट उचलली, मी आत डोकावलो:
हॉर्न, चार्जर, धुक्याचे दिवे,
सगळं थेट बॅटरीवर टोचलेलं,
एका बोल्टवर सात वायरी,
जत्रेत एका तारेवर सात आकडे टाकावेत तशा.
"काका, चालते ना पण."
"आकडाही चालतेच ना बाबू.
डीपी उडेपर्यंत."

सगळं उपसलं.
बॅटरीपासून आता एकच जाड लाल वायर,
वीतभर अंतरावर तीस अँपिअरचा फ्यूज,
पुढं रिले, त्याच्या पायांवर कोरलेले आकडे:
तीस, सत्त्याऐंशी, पंच्याऐंशी, शहाऐंशी.
अयान ते पाढ्यासारखे म्हणतो,
मला ते फीडरचे नंबर वाटतात.
टेललाइटच्या वायरीतून एक बारीक इशारा घेतला.
किल्ली फिरली की रिले 'टक्' म्हणणार,
तेव्हाच पेटीत वीज.
पेटी साबणाच्या डबीएवढी, घरं सहा.
एकाचा फ्यूज उडाला
तर शेजाऱ्यानं अंधारात बसू नये,
एवढंच तर साहेबांना आयुष्यभर सांगत होतो.

हिशेब मी विजेच्या बिलामागं मांडला.
अल्टरनेटर देतो तीनशे वॅट,
दोनशे गाडी स्वतःच खाते.
उरलेल्या शंभरात संसार:
टायरला हवा भरायची तर दिवे बंद.
प्रमिला म्हणाली, "झालं!
घरचं लोडशेडिंग आता गाडीतही."
कुठं जाणार, हे तिनं विचारलं नाही.
तिला माहीत आहे.
सगळी नोकरी शेवटच्या खांबांवर गेली,
तार कुठून येते ते मी पाहिलंच नाही.
मोठे टॉवर धरून आधी चंद्रपूर,
मग ते जिकडं वळतील तिकडं.

किल्ली काढली. टेस्टर लावला.
पुन्हा लावला.
तिसऱ्यांदा लावला तेव्हा अयान हसला:
"बारा व्होल्ट हाये काका, मुंगी नाई मरत."

जानराव टेकामचं मी त्याला सांगितलं नाही.
अकरा केव्हीची लाइन, परमिट घेतलेलं,
फीडर बंद, माझ्याच वहीत वेळ लिहिलेली.
आणि गावात एका लग्नघरी
जनरेटर उलटा लाइनीत शिरला.
त्यानं वरून पक्कड मागितली होती.
मी दोरीला बांधतच होतो.

तीच पक्कड.
मुठीवरचं रबर दोनदा बदललं.
आज तिनं लाल वायर सोलली.

"सहाव्या घरात काय लावू?"
"राहू दे."
"रिकामंच?"
"राहू दे म्हटलं ना."

दिवेलागणीला गाडी सुरू केली. टक्.
दोन्ही दिवे लागले,
आणि त्याच क्षणाला अख्ख्या दारव्ह्याची लाइट गेली.
अयाननं माझ्याकडं असं पाहिलं
की जणू मीच ओढून घेतली.
खिशात फोन वाजला.
"ढोकेभाऊ, लाइन केव्हा येते?"
रिटायर होऊन पाच महिने झाले, तरी.
"सबस्टेशनले विचारून सांगतो," म्हणालो.
जीभच तशी वळली आहे.

सीटचा एक स्क्रू कुठंतरी गडगडला होता.
मी हँडल धरून गाडी हळूच मागं घेतली,
उजेड दुकानाच्या फरशीवर पाडला.
अयान गुडघ्यांवर बसून शोधू लागला,
शेजारच्या पानठेल्यावरचा मोतीराम
त्याच उजेडात सुपारी कातरू लागला.
"इंजिन बंद नका करू काका," तो म्हणाला,
"दोन गिऱ्हाइकं हायेत."