सहा मीटरवर बांधलेली बाटली

रबाळ्याच्या गाळ्यात आधी हेलियम,
मग ऑक्सिजन, शेवटी हवा.
हा क्रम मी मोडत नाही.
घाईने भरली की बाटली तापते
आणि तापलेल्या बाटलीचा आकडा खोटा असतो,
म्हणून ती पाण्याच्या टबात उभी करून
मी डबा उघडते. भाकरी, खर्डा.
नंतर हात साबणाने दोनदा, मग कोरडं फडकं.
शेजारचा प्रेसवाला म्हणतो, काय हे सोवळं!
हसू दे. तेल आणि ऑक्सिजन
एकमेकांना भेटलेले त्याने पाहिलेले नाहीत.

गोरक्ष तांडेल, दिवाळ्याचा, दारात उभा राहून म्हणाला,
खाणीत उतरायचंय. तुमच्याच.
तुमच्याच म्हणजे पारसिकच्या कुशीतली,
जिथे अप्पांनी बावीस वर्षं
सुरुंगाची भोकं पाडली.
पंप थांबले, पाणी चढत गेलं.
दोरीला दगड बांधून त्याने मोजलं होतं: बावन्न मीटर.

तळासाठी एकवीस-पस्तीस, त्यावर वाद नाही.
वाद परतीचा.
एकच बाटली, पन्नास टक्क्यांची, एकवीस मीटरपासून वरपर्यंत?
की सोबत दुसरी, निव्वळ ऑक्सिजनची, शेवटच्या सहासाठी?
दुसरीने दहा-बारा मिनिटं वाचतात.
दोन्ही नेतो, तो म्हणाला, एक डावीकडे, एक उजवीकडे.

मी चिकटपट्टीवर ६ काढत होते, वीतभर मोठा,
दुसऱ्याला लांबून वाचता यावा असा.
पण वाचणार कोण?
दगडाची पिठी अजून तरंगतेय म्हणतोस,
स्वतःचा हात दिसत नाही म्हणतोस.
एकवीसवर चुकीची नळी तोंडात गेली
तर तिथे तो प्राणवायू राहत नाही, गोरक्ष.
कधी आधी ओठ फडफडतात.
कधी तेवढंही नाही, सरळ झटका,
आणि झटक्यात माणूस
तोंडातलं सोडून देतो.

तो गप्प. मीही.
बाटल्या टबात गार होत राहिल्या.

घरी अप्पांच्या उशाशी यंत्र आहे,
मिनिटाला दोन लिटर.
डॉक्टरांनी बजावलंय, कितीही धाप लागो,
चाक वाढवायचं नाही.
त्यांच्या छातीत सगळी खाण बसली आहे, बारीक दळलेली.
रात्री ते मोरीपर्यंत जातात, नळीशिवाय,
भिंत धरून, फ्रिज धरून,
आणि खाटेवर परत येऊन नळी नाकात घालतात.
यंत्र जागचं हलत नाही.

अडीच वाजता गोरक्षला फोन केला.
ऑक्सिजन खाली न्यायचाच नाही.
दोरीला बांधून ठेव, सहा मीटरवर.
जी बाटली तिथे नाहीच,
ती तिथे चुकून कशी ओढशील?
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग तो म्हणाला, आणि दोरी नाहीच सापडली तर?
तर पन्नासवरच थांबशील. जास्त थांबशील.
तेवढा वायू मी भरून देते.

रविवारी काठावर बसले.
आधी बुडबुडे फिरत होते, मग एका जागी आले,
दोरीपाशी, बारीक, सावकाश.
ऐरोलीच्या बाजूने कुठेतरी लग्नाचा बँड वाजत होता.
एक कुत्रा येऊन पाणी हुंगून गेला.

अप्पांनी विचारलंच नाही, खाली काय दिसलं.
क्रशर आहे का, चढणीचा रस्ता आहे का, काहीच नाही.
विचारलं, वर येताना थांबला?
थांबला. एकूण सदतीस मिनिटं.
कुणी वरडलं न्हाई?
नाही, अप्पा.
त्यांनी कानामागची नळी सारखी केली.
सुरुंग उडल्यावर धूळ बसूस्तवर थांबायचं असतं, म्हणाले.
मुकादम घड्याळ बघायचा.

सोमवारी बाटली परत आली, शंभर बार शिल्लक.
चिकटपट्टी सोलून काढली,
डिंक नखाने खरवडला.
जुना आकडा बाटलीवर राहू द्यायचा नसतो.