टाकीचे दोन घाव

पुंता अरेनासच्या नोंदणी कचेरीत
१९३१ साली एका कारकुनानं
माझ्या बापाच्या आडनावावरची खूण गाळली.
‘स’च्या डोक्यावरची, चिमटीएवढी,
जिच्यानं त्यांच्याकडे ‘स’चा ‘श’ होतो.
मुद्दाम नव्हे. टंकयंत्रात ती नव्हतीच.
येर्को शिमेतिन आत गेला,
सिमेतिन बाहेर आला,
आणि बाहेर वारा असा
की टोपी धरावी की कागद,
हेच आधी ठरवावं लागलं.
टोपी गेली.

ब्राच बेटावरच्या पाथरवटाचा पोर.
तिथं घर दगडाचं, कुंपण दगडाचं,
छपरंसुद्धा दगडाची.
इथं, जगाच्या शेपटाशी,
सगळं लाकूड आणि पत्रा.
कुणाकडेही गेला की
भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचा
आणि मान हलवायचा: पोकळ.

आईला याचा भारी राग.
एदुविहेस, चिलोए बेटाची,
तिचं माहेर भरतीच्या पाण्यात
लाकडी पाय सोडून बसलेलं.
“आमचं अख्खं घर बैलांनी ओढलं,
पाण्यात लोटलं,
खाडीपलीकडे नेऊन पुन्हा उभं केलं.
आण बरं तुझं ब्राच तसं!”
यावर तो उठून
चुलीत उगाच एक ओंडका सारायचा.

अकरा वर्षं मेंढ्यांच्या कत्तलखान्यात, बर्फघरात.
मग एकदाचा दगड हाती आला,
तो मेलेल्यांचा.
त्याच्या गावाकडची माणसं मरत गेली
तशी तो प्रत्येकाची गाळलेली खूण
परत बसवत गेला.
खुणेचे पैसे घेत नसे.
नातवंडं यायची तक्रार घेऊन,
कागदाशी जुळत नाही म्हणून.
“कागद तुमच्यापाशी ठेवा,” म्हणायचा,
“दगडावर मी बसलोय.”
एकांनी त्यापायी मजुरीच बुडवली.
त्यांच्या आजोबांना तो पुढंही
रस्त्यात भेटल्यासारखी मान लववायचा.

मला त्यानं त्याची भाषा शिकवली नाही.
सात शिव्या, एक ते दहा आकडे,
आणि “दार लाव”.
एवढीच माझी इस्टेट.

ऑगस्टात गेला. छातीत भुकटी साठलेली,
डॉक्टर म्हणाले मेंढ्यांची लोकर,
मी म्हटलं, असेल.
त्याचा स्वतःचा दगड सांतियागोहून आला,
यंत्रावर कोरलेला, गुळगुळीत.
सिमेतिन.

भाऊ म्हणाला, चूक काय त्यात?
आपण सगळे हेच आहोत.
तेही खरंच.
माझ्या शाळेच्या दाखल्यावर, माझ्या लग्नात,
माझ्या पोरांच्या दप्तरांवर हेच नाव,
आणि कुणाचं काही अडलं नाही.

तरी नोव्हेंबरात
त्याच्या पेटीतली बारीक टाकी घेतली.
गोल कातरलेल्या सुरूंच्या रांगेतून गेले,
गुडघ्याखाली गोणपाट टाकलं.
टाकीचे घाव सोसल्याशिवाय
देवपण येत नाही म्हणतात.
देवपण नको होतं त्याला.
नाव पुरे होतं.

पहिला घाव निसटला.
डावी रेघ उजवीपेक्षा लांब गेली,
त्यानं पाहिलं असतं तर
सातांपैकी निदान तीन शिव्या दिल्या असत्या.
स्मशानाचा राखणदार ओयार्सून
काठी टेकून बघत होता.
“पक्षी आहे का, बाई?”
हो, म्हटलं.
सांगायला बसले असते तर
अंधार पडला असता,
आणि या दिवसांत इथं
अंधार फार उशिरा पडतो.

उठताना बोटाच्या पेरानं
दगडावर टकटक केलं.
भरीव.

घरी आले तर नातू दार सताड उघडं टाकून
उंबऱ्यावर उभा, वाऱ्यानं पडदे छताला.
तोंडातून आपोआप गेलं ते,
त्याच्या पणजोबाच्या भाषेत.
त्याला कळलं नाही.
पण दार लावलं त्यानं.