पाठमोरं खानापूर

"मधोमध बसा बाई, आणि हलू नका,"
भरमाणी म्हणाला.
हेच वाक्य पाच वर्षं मी त्याला ऐकवत होते,
फक्त "बाई" सोडून.

केशरी कयाक, शेंगेएवढी अरुंद.
जॅकेटचा पट्टा माझ्या चष्म्याच्या दोरीत अडकलेला.
माणशी अडीचशे, एक तास,
रेल्वेच्या पुलापर्यंत जाऊन परत.
पुढच्या नावेत हुबळीचं जोडपं
वल्ह्यावर वल्हं आपटत, हसत.

चाळीस वर्षं या गावात काढली
आणि गावाची पाठ कधी पाहिली नव्हती.
रस्त्याकडून प्रत्येक घराला तोंड असतं,
दुकानाला पाटी असते,
पाटीवर कुठली अक्षरं वर, कुठली खाली,
यावरून जुनी भांडणं असतात.
इकडे नुसत्या मोऱ्या.
दोरीवर पोलकी,
एका खिडकीत उपडी ठेवलेली लोणच्याची बरणी,
कुठल्याशा कचेरीमागं भिजून फुगलेल्या फायली
आणि त्यांच्यावर एक कोंबडी,
सही करायला बसल्यासारखी.

"हितं डोह हाय. हितं म्हशी उतरत्यात.
तकडं वाळू काढून काढून खड्डा पडलाय,
वरनं दिसत न्हाई, खरं वल्ह्याला कळतंय."
भूगोलात त्याला बारा मार्क होते.
'मलप्रभेचा उगम कणकुंबीला होतो'
एवढं एकच उत्तर,
आणि त्याखाली, मी न विचारलेली,
अकरा माशांची नावं.
मी लाल रेघ मारली होती,
आडवी, एकाच झटक्यात.

वळणावर शाळेची मागची भिंत आली.
तिसरी खिडकी.
फळी अजून आहे.
शिपायाला मीच सांगितलं होतं,
पोरांचं लक्ष लागत नाही, ठोकून टाक.
फटीतून गवत बाहेर आलंय.

भरमाणी काही बोलला नाही.
वल्हं मांडीवर घेतलं,
नाव आपली आपण फिरली, थांबली,
आणि आम्ही दोघं ती फळी
बाहेरच्या बाजूनं बघत राहिलो.

मग म्हणाला, "तिथनं हेच दिसायचं बाई.
पाणी हेच न्हवं म्हना, ते गेलं की कवाच.
खरं हेच."

पुलावरून लोंढ्याची गाडी गेली.
जोडप्यानं व्हिडिओ काढला.
माझ्या तळव्यांत तिचा थरथराट
नावेच्या बुडातून वर आला.

काठावर पाचशेची नोट दिली.
त्यानं शंभर, शंभर, पन्नास
ओल्या बोटांनी मोजून परत दिले,
"परत या हं," म्हणाला,
जसं सगळ्यांनाच म्हणत असणार,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला जॅकेट घालायला गेला.

बाजारातून चालताना
पदराचं पाणी चपलेत ठिबकत होतं.
शेट्टरांच्या दुकानाशी थांबले,
पकड केवढ्याला विचारलं.
"काय उपसायचंय, बाई?"
चार खिळे, म्हटलं.
त्यातला एक वाकडा आहे.