खिळे

लंडनचं परिपत्रक आलंय, मंगळवारच्या बोटीनं.
वसाहतीत लष्करी कायदा पुकारावा लागला
तर पाळायचे नियम. एकवीस कलमं.
शनिवारपर्यंत दोनशे प्रती हव्यात कचेरीला.
जोसाया, दिवा अलीकडे घे.
आणि बोटं चाटू नकोस, शिसं आहे ते.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, रात्री साडेअकराला
मला झोपेतून उठवून आणलं इथे.
शर्ट उलटा घातलेला होता मी.
जाहीरनामा: आजपासून पूर्वेच्या साऱ्या परगण्यांत
लष्करी कायदा,
किंग्स्टन शहर वगळून.
'वगळून' मी जुळवला. एकेक खिळा, उजवीकडून डावीकडे
वाचावा लागतो तसा.
त्या शब्दाच्या अलीकडे हार्बर स्ट्रीट, हा छापखाना, मी.
पलीकडे, डोंगराच्या कुशीत,
मिम्बाचं घर, तिचं रताळ्याचं वावर, ब्रेडफ्रूटचं एक झाड.

तिच्या नवऱ्याकडे नवं कुदळ सापडलं.
पावती नव्हती.
शाळेच्या बाकावर तीन अधिकारी बसले,
मधला एकोणीस वर्षांचा, ऊन लागून नाक सोललेला.
क्वाकोचा निकाल लागायला जितका वेळ लागला
तितक्या वेळात मी अडीच ओळी जुळवतो.
चुका न करता.

हं, वाच पुढे. सावकाश.
आरोप लेखी असावा.
आरोपीला कळेल अशा भाषेत सांगावा.
फाशी द्यायची तर आधी गव्हर्नरची मंजुरी, शक्यतो.
फटके पन्नासांच्या वर नकोत, शक्यतो.
चाबकात तार गुंफू नये.

थांब.
तिकडे धुक्यात, शेगडीपाशी पाय शेकत बसलेल्या माणसाला
तार कुठून सुचली?
म्हणजे कुणीतरी सांगितलं असणार.
म्हणजे त्यांना ठाऊक आहे.

पुढचं कलम मीच जुळवतो, तू सरक.
बायकांना फटके देऊ नयेत.
इथे 'शक्यतो' नाही. दोनदा पाहिलं.
एवढीशी ओळ, स्टिकमध्ये निम्मीसुद्धा भरत नाही.
बाकी जागा कोऱ्या शिशानं भरायची.
मिम्बा अजून पोटावर झोपते.
रविवारी जाईन तेव्हा हे तिला
वाचून दाखवावं की नाही, ते ठरत नाहीये.

मोजलंस? चौदा वेळा आलाय 'शक्यतो'.
त्यांच्या भाषेत त्याला 'पी' लागतो,
आणि 'पी'चा खण बघ, तळ दिसतोय.
अशा वेळी खिळा पालथा घालून जागा धरायची.
प्रुफात तिथे काळा चौकोन उमटतो.
कलमाच्या मध्येच एक दार लावल्यासारखा.
मला तर तसंच बरं वाटलं होतं वाचायला.

कचेरीतले पेनहॅलोसाहेब मात्र चष्मा सरकवत म्हणाले,
हे डाग कसले?
म्हटलं, अक्षरं संपली, साहेब.
ती त्या मांडणीवर आहेत, दोऱ्यानं बांधलेल्या जुन्या फर्म्यात,
जाहीरनाम्याच्या.
सोडू का तो? सुटला की सगळं पुरेल.
साहेब थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
मग म्हणाले, दुसऱ्या छापखान्यातून उसने आण.
नियम छापून झाले की त्यांचा फर्मा सोड हवा तर.
तो राहू दे.

म्हणून सांगतो, जोसाया, नीट ऐकून ठेव.
वरच्या फळीवर, डावीकडे. फक्त तारखेची जागा मोकळी आहे.
इथली झुरळं दोरा कुरतडतात,
दर सहा महिन्यांनी नवा बांधावा लागतो,
ओला करून, चारही बाजूंनी घट्ट.
माझी नजर आता जायला लागली आहे.
पुढच्या खेपेला तू बांध.