पाठीमागचा मोर

हरिपूर रस्त्याच्या आनंदनगरीत
वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत
दर वर्षी दिव्यांचा मोर पिसारा फुलवायचा.
एकवीस दिवाळ्या मी त्याला पाहिलं नाही.

तिकिटाच्या खिडकीचं तोंड रस्त्याकडे,
मोर माझ्या पाठीशी.
समोर रांग, आणि रांगेतल्या चेहऱ्यांवर
आधी लाल, मग हिरवा, मग निळा,
मग क्षणभर काहीच नाही.
एवढीच आमची ओळख.
दोन मोठे, एक हाफ, म्हणत पैसे मोजणाऱ्या बाईच्या कपाळावर
पिसारा मिटायचा
आणि तिच्या कडेवरच्या पोराच्या डोळ्यांत उघडायचा.
मी सुट्टे परत द्यायचे.

मागून आवाज : खट् खट् खट्.
तो दस्तगीर मिस्त्रींचा रोलर.
सागवानी ओंडका, त्यावर ठोकलेल्या तांब्याच्या पट्ट्या,
मोटर त्याला गरागरा फिरवायची.
पट्टी टेकली की पीस पेटायचं,
सुटली की विझायचं.
"जादूबिदू काय न्हाई ताई," मिस्त्री म्हणायचे,
"दळण हाय हे. उजेडाचं."

पुराच्या साली रोलर चार दिवस पाण्याखाली होता.
पाणी ओसरल्यावर गावानं भिजलेली हळद उन्हात पसरली,
तिच्याच शेजारी मिस्त्रींनी तो उताणा ठेवला.
तेव्हापासून त्याला हळदीचा वास,
आणि तेव्हापासून डावीकडचं सातवं पीस लागत नाही.
बल्ब बदलले, वायर बदलली, पट्टी घासली.
नाही म्हणजे नाही.
लोकांच्या ध्यानातही यायचं नाही.
मला कळायचं.
चेहऱ्यांवरून रंग धावताना
एका ठिकाणी पायरी चुकायची.

श्रावणात भूपालअण्णा चौगुले गेले.
मुलांनी पुण्याहून येऊन जागा मोजली.
चुन्याच्या रेघा आकाशपाळण्याखालून गेल्या,
एक माझ्या खिडकीच्या बरोब्बर मधून.
शेवटचे सतरा दिवस मी
प्लॉट चौदा आणि पंधरा यांच्यामध्ये बसून तिकिटं फाडली.

काल गर्दी मावेना.
एक दाढीवाला वाकून म्हणाला,
"बाई, तुम्ही मला हाफमध्ये सोडायचा,
मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो."
म्हटलं, मला माहीत होतं.
त्यानं फुल्लचे पैसे ठेवले, शिवाय जुने राहिलेले.
जुने मी परत सरकवले. त्याच्या नाकावर हिरवा होता तेव्हा.

साडेदहाला खिडकी लावली.
रोलवर सत्तेचाळीस तिकिटं उरली.
त्यांचं काय करायचं
हे विचारावं असं कुणी उरलं नव्हतं.

"थांबा ताई," मिस्त्री म्हणाले. "समोरनं या."

वळसा घालून मी रांगेत उभी राहिले.
रांग नव्हती. खाली शेंगांची टरफलं,
एका बाळाची एकच चप्पल.

बटण पडलं.
मला वाटला होता त्याहून तो लहान निघाला.
मान किंचित वाकडी. चोच पत्र्याची,
रंगावर रंग दिलेली.
मग पिसारा वर आला
आणि मी हात पदराला पुसले,
दारात कुणी आल्यावर पुसतो तसे.

लाल. हिरवा. निळा.
सातव्या पिसाशी काळोख.
तेवढी जागा माझ्या ओळखीची,
बाकी सगळा मोर परका.
माझ्या चेहऱ्यावर काय उमटत होतं
ते मिस्त्रींनी पाहिलं असेल.
मी विचारलं नाही.

त्यांनी मेन स्विच ओढला.
मोर गेला, रोलर मात्र फिरतच राहिला,
जुन्या वेगानं, वीज नसताना,
खट्... खट्...
एकाही पिसाला न पेटवता.
तो थांबेपर्यंत आम्ही दोघं गप्प.

मग म्हणाले, "चला, शेवटचं वडाप जाईल."

वडापात मागच्या फळीवर जागा मिळाली,
उलट्या तोंडाची.
रस्ता पायांखालून निघून मागं मागं जात होता.
समोरच्या पोरीच्या गालावर
एका ट्रकचा उजेड आला, पांढराच,
आणि गेला.

ड्रायव्हर म्हणाला, "सुट्टे हायत का कुणाकडं?"
माझ्याकडे होते.