छाट

दातांच्या गाडीचा ड्रायव्हर मी.
त्याआधी एकोणीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर,
म्हणून बिराजदार डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
यंत्रं तुम्ही बघा, पोरं मी बघते.
ठरलं तसं. झालं नाही.

पहिले दोन महिने गाडी शाळेपुढं.
मास्तरांनी रांग लावली,
बाईंनी तोंडं तपासली, चिठ्ठ्या दिल्या,
उद्या आईला घेऊन ये.
चिठ्ठ्या एकशे बारा. आया चार.
वहीत मीच लिहिलं, निळ्या पेनानं.
वरच्या ऑफिसातनं शेरा आला, तो लाल:
पालक उदासीन.

उदासीन.
विडी घरकुलात माझी सासुरवाडी आहे.
हजार वळून झाल्याशिवाय तिथं दिवस मावळत नाही,
सूर्य जाईना का कुठं.
दाढेचा हिशेब मला त्या उंबऱ्यांनी शिकवला:
शहरात जायचं, नंबर लावायचा, थांबायचं, परतायचं,
एक हजार गेले.
दाढ भरायची, तर किती हजार, ते मोजायच्या आधीच
बोटं पुन्हा पानाकडं वळतात.
आणि चिमूटभर तंबाखू सुपातच असते की.
गालात धरायची.
दाढ गप्प.
मग हळूहळू पोरगीही.

शेवटी मीच गाडी हलवली.
कुणाला न विचारता, खरं सांगतो.
ब्रँचच्या फाटकासमोर, लिंबाखाली लावली,
जिथं टोपल्या घेऊन बाया तशाही
दोन-दोन तास बसलेल्या असतात,
चेकर विड्या तपासतोय तोवर.
चांगली इकडं. छाट तिकडं.

स्रवंती येमूल, वय आठ.
खुर्चीत बसली, तोंड उघडलं,
आणि बाई जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत.
दुखतंय का गं?
"नोप्पी," ती म्हणाली,
इतक्या सवयीनं, जसं कुणी गल्लीचं नाव सांगावं.

ड्रिल सुरू झालं.
मोठमोठी माणसं दांडा धरतात त्या आवाजाला.
ही डोळे मिटून पडली,
पायाचा अंगठा ठेका धरून,
खट् खट् खट् खट्.
मला कळलं. बाईंना मी सांगितलं.
हिचा पाळणा मागाशेजारी बांधलेला होता.

मग लाईट गेली.
एकदम सगळं थांबलं,
आणि तेव्हा ती घाबरली.
उठून बसली, बंद का झालं म्हणाली.
त्यांच्याकडं माग थांबला
की बाप घरी बसतो,
आणि बाप घरी बसला की भाकरी मोजून मिळते.
मी जनरेटरची दोरी ओढली.
तीनदा ओढली. हात थरथरत होता, वय झालं.
सुरू झाल्यावर परत आडवी झाली,
झोपायला निघाल्यासारखी.

एक दाढ भरली. एक दुधाची काढावी लागली.
तिची आई टोपली घेऊन आली फाटकातून,
आज साठ विड्या छाट,
ओठ हलत होते, वजाबाकी चालली होती.
खुर्चीकडं बघून विचारलं,
हिच्या तोंडातल्या किती छाट?
बाई म्हणाल्या, एकच. बाकीच्या राहतील.
ती हसली नाही. पदरानं लेकीचा गाल पुसला,
आणि त्या गालाला तंबाखूचा वास लागला.

पोरीनं दाढ मागून घेतली.
छपरावर टाकायची असते ना.
पण घरकुलाचं छप्पर लांब,
म्हणून तिनं लिंबाखाली मागं सरकून
नेम धरला आणि गाडीच्या टपावर भिरकावली.

लाल शेरा अजून वहीत आहे.
मी खोडला नाही. त्याच्या शेजारी फक्त
हजाराचा भाव लिहून ठेवलाय.

काल कुंभारीच्या रस्त्यानं येताना
टपावर काहीतरी खडखडत होतं.
जॉबरचा कान. ढिला नट लगेच ओळखतो.
गाडी थांबवली, पाना घेतला, चढलो,
आणि तसाच खाली उतरलो.
खडखडू दे.